पहिली म्हणजे शर्यतीत?

पहिल्या शनिवारी मी जय्यत तयारीनिशी बसले होते. मादाम क्युरींचा मोठा फोटो छापून आणलेला, कागदावर ओळीनं मुद्दे काढलेले. समोर सात मुलं. माझी भाची साडेसहा वर्षांची, तिच्या भावाला नुकतंच पाचवं लागलेलं, बाकीचे त्यांचे सवंगडी. त्यांतली सगळ्यांत मोठी आठ पूर्ण. शनिवारी दुपारी बहिणीला काम असतं म्हणून ही दोघं माझ्याकडे येतात आणि दोनाची सात कधी होतात ते कळत नाही. सगळ्यांची मी मावशी.

एरवी आमच्याकडे राक्षस आणि राजकन्या चालायचं. राजकन्या एकतर झोपलेली, नाहीतर कोणीतरी पळवून नेलेली. मला त्याचा वीट आला होता, म्हणून शास्त्रज्ञ बायकांच्या खऱ्या गोष्टी सांगायचा हा घाट घातला.

"१८६७ साली वॉर्सा नावाच्या शहरात…" मी सुरुवात केली. तिसऱ्या वाक्याला धाकट्यानं उशा गोळा करून किल्ला बांधायला घेतला. मी रेटत राहिले. १९०३चं नोबेल, १९११चं नोबेल, नोबेल मिळवणारी पहिली स्त्री.

"पहिली म्हणजे शर्यतीत?" भाचीनं विचारलं.

"अगं, म्हणजे तिच्याआधी कुठल्याच बाईला मिळालं नव्हतं."

"का?"

"बायकांना फारसं शिकूच द्यायचे नाहीत तेव्हा."

"का?"

पहिला 'का' मी झेलला. दुसऱ्याला "मोठी झालीस की कळेल" म्हणून मोकळी झाले. लहानपणी हेच उत्तर मिळालं की माझं डोकं फिरायचं.

पुढे रेडियम, आजारपण, १९३४ सालचा मृत्यू. "मग तिनं ते हातात कशाला धरलं? वेडी होती का?" हा प्रश्न आठ वर्षांच्या बाईंचा. तो बिनतोड होता आणि माझ्या मुद्द्यांच्या कागदावर त्याचं उत्तर नव्हतं. संध्याकाळी बहिणीनं विचारलं, काय शिकलात? धाकटा म्हणाला, "एका बाईच्या वह्या आहेत, त्यांना हात लावायचा नाही."

एवढंच उरलं होतं. दोन नोबेलं वाहून गेली. वॉर्सा, पॅरिस, सगळं गेलं. मी जाता जाता सांगितलं होतं की क्युरीबाईंच्या वह्या अजून शिशाच्या अस्तराच्या पेट्यांत ठेवल्यात, कारण त्यांच्यातून आजही किरणोत्सार होतो. तेवढं त्याच्या डोक्यात रुतून बसलं.

मी हिशेबाचं काम करते. ताळा जमला नाही की उलटं तपासत जायची सवय आहे. त्या रात्री माझा कागद तसाच तपासला. त्यावर बाईंना लोकांनी काय दिलं आणि काय दिलं नाही, याची यादी होती. बाईंनी दिवसभर काय केलं, ते जवळजवळ कुठेच नव्हतं. पुरस्कार ही मोठ्यांची गोष्ट. पाच वर्षांच्या मुलाला नोबेल आणि शाळेत मिळालेली चांदणी यांत चांदणीच मोठी वाटणार. हात लावायला मनाई असलेली वही मात्र त्याला पक्की कळते.

म्हणून दुसऱ्या शनिवारी फोटो नाही, जन्मसाल नाही. मध्ये परात ठेवली.

परातीत पाणी, पाण्यावर मिऱ्याची बारीक पूड. मी बोटाला साबण लावला, ऐटीत मध्यभागी टेकवला. काही झालं नाही. पूड जागच्या जागी. सात चेहरे माझ्याकडे. पुन्हा टेकवला. पुन्हा काही नाही. "मावशी, हे काय होतं?" कोणीतरी अगदी सभ्यपणे विचारलं.

परात धुताना साबण नीट निघाला नव्हता. पाण्यावर आधीच त्याचा पातळ थर असेल, तर नवा साबण ढकलणार कोणाला? परात तीन वेळा खळखळून धुतली, कोरड्या फडक्यानं पुसली, नवं पाणी, नवी पूड. या वेळी बोट टेकताक्षणी मिऱ्याचे कण घाबरल्यासारखे कडेला पळाले. आरडाओरडा झाला. मग प्रत्येकाला करायचं होतं आणि प्रत्येक वेळी परात धुवायला लागत होती. तिसऱ्या खेपेला भाचीनंच एका मुलाला दटावलं, "नीट धू, नाहीतर पळणार नाही."

आणि तिथे मी आग्नेसची गोष्ट सुरू केली. जर्मनीतली आग्नेस पॉकल्स. घरात भांडी घासायला ती, आजारी आईवडिलांचं करायला ती. तेव्हा तिथे मुलींना विद्यापीठात घेत नसत. धाकटा भाऊ शिकायला गेला, त्याची पुस्तकं ती वाचायची. भांड्यांच्या पाण्यावर तेलाचा तवंग कसा हलतो, साबण पडला की कसा पांगतो, हे ती बघत बसायची. तिच्या लक्षात आलं की पाण्याच्या वरच्या थराला जणू एक ताणलेली कातडी असते आणि जरा मळ पडला की तो ताण बदलतो. मग तिनं पत्र्याची एक लांबट, उथळ पन्हळ केली, त्यावर आडवी पत्र्याची पट्टी. पट्टी सरकवून ती पाण्यावरचा मळ एका बाजूला गोळा करायची आणि स्वच्छ पृष्ठभाग वेगळा काढायची. तेव्हा ती विशीच्या आसपास होती.

"म्हणजे तिलापण आधी धुवायला लागायचं?" धाकटा म्हणाला.

हो रे राजा, तेच तर तिनं शोधलं! परात पहिल्यांदा फसली नसती तर हा प्रश्न आलाच नसता. तेव्हापासून मी फसण्याची सोय मुद्दाम ठेवते.

१८९१ साली आग्नेसनं इंग्लंडमधल्या लॉर्ड रॅले या मोठ्या शास्त्रज्ञाला पत्र लिहिलं. रॅलेबाईंनी ते जर्मनमधून इंग्रजीत आणलं आणि रॅलेसाहेबांनी 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकाकडे पाठवून छापून आणलं. पुढच्या काळात प्रयोगशाळांत वापरायला लागले ती उपकरणं तिच्याच पन्हळीच्या वंशातली. हे शेवटचं मी मुलांना दोन वाक्यांत आटपलं. कोणी ऐकत नव्हतं, परात रिकामी होती ना.

तिसऱ्या शनिवारी मादाम क्युरी परत आल्या, पण नोबेल मागे ठेवून. १९०७ च्या सुमारास पॅरिसमध्ये काही प्राध्यापक मित्रमंडळींनी मिळून आपल्या मुलांची स्वतःच शिकवणी सुरू केली होती आणि भौतिकशास्त्र शिकवायला होत्या क्युरीबाई. तिच्या दहा वर्षांच्या मुलीसकट, इरीनसकट, पोरंटोरं हातानं प्रयोग करायची. त्यांतल्या एका मुलीनं, इझाबेल शावाननं, त्या तासांची टिपणं काढली होती आणि ती पुढे छापलीही गेली. क्युरीबाईंनी मुलांना विचारल्याची एक हकिगत आहे: या पातेल्यातलं गरम पाणी गरमच राहावं म्हणून काय कराल? मुलांनी लोकरीपासून काय काय सुचवलं.

मी तोच प्रश्न टाकला. गोधडीत गुंडाळू. उन्हात ठेवू. परत गॅसवर ठेवू. धाकटा म्हणाला, मिठी मारू. दहा मिनिटं खल चालला. मग मी सांगितलं की क्युरीबाई म्हणाल्या, मी तर आधी झाकण ठेवीन.

क्षणभर शांतता, आणि मग सातही जण जे हसत सुटले! त्यानंतर दोन सारखी पातेली, हाताला सोसेल इतकं गरम पाणी, एकावर झाकण, एक उघडं. अर्ध्या तासानं बोटं बुडवून निकाल. पहिल्या शनिवारच्या आठ वर्षांच्या मुलीच्या प्रश्नालाही त्या दिवशी जागा मिळाली. वेडी नव्हती, मी म्हटलं, रेडियम घातक आहे हे तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. रात्री ती आणि तिचा नवरा प्रयोगशाळेत जाऊन अंधारात चमकणाऱ्या नळ्या बघत बसायचे. झाकण ठेवायचं सुचणाऱ्या बाईला याचं झाकण मात्र माहीत नव्हतं. हे माझं वाक्य मलाच आवडलं. मुलांनी त्याकडे दुर्लक्ष केलं.

हळूहळू एक गोष्ट कळत गेली. या वयात माप अंगानं कळतं, आकड्यानं नाही. खगोलशास्त्रज्ञ कॅरोलिन हर्शेल दहाव्या वर्षी तापातून उठली, पण तिची उंची खुंटली. सव्वाचार फुटांच्या पुढे ती गेलीच नाही. भिंतीवर पेन्सिलीनं १३० सेंटिमीटरला रेघ मारली. आठ वर्षांची मुलगी रेघेखाली उभी राहिली, दोन बोटं कमी. "एवढीच? आणि मोठी बाई?" एवढीच. आणि तिनं आठ धूमकेतू शोधले, पहिला १ ऑगस्ट १७८६ ला. पुढच्या वर्षापासून इंग्लंडचा राजा तिला या कामाचा वर्षाला ५० पौंड पगार द्यायला लागला. ती रेघ अजून भिंतीवर आहे, आल्यागेल्याला सांगावं लागतं की ही कॅरोलिन.

मेरी ॲनिंगच्या वेळी दोरी घेतली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिस नावाचं गाव आहे, तिथल्या ढासळत्या कड्यांतून जुन्या जिवांचे सांगाडे बाहेर येतात. १८११ साली तिच्या भावाला चार फुटांची कवटी दिसली आणि पुढच्या वर्षी बाकीचा सांगाडा मेरीला सापडला. ती बारा वर्षांची होती. इक्थिओसॉर, म्हणजे डायनासोरांच्या काळातला समुद्रात राहणारा सरपटणारा प्राणी, लांबी पाच मीटरच्या थोडी वर. दोरी मोजून ताणली तर ती बैठकीच्या खोलीत मावेना, दारातून बाहेर जिन्यापर्यंत गेली. धाकटा कवटीच्या जागी आडवा झाला. गोष्टीत भाऊ आहे याचा त्याला मनापासून आनंद झाला. मीही तो गाळला नव्हता. बाईचं मोठेपण दाखवायचं म्हणून तिच्या भोवतालची माणसं पुसून टाकायची, हे मला पटत नाही, आणि ते खरंही नसतं.

इथे एक चूक केली. मेरीबरोबर नेहमी हिंडणारा ट्रे नावाचा कुत्रा होता. सगळ्यांना तो फार आवडला, म्हणून मी वाहवत गेले आणि १८३३ साली दरड कोसळून तो कसा गेला तेही सांगून बसले. मेरी त्याच्या अगदी जवळ होती, थोडक्यात वाचली. भाची रडायला लागली ती थांबेना. इक्थिओसॉर राहिला बाजूला. पुढचा आठवडाभर बहिणीकडून मला रोज कुत्र्याची बातमी: आज अंघोळ करताना आठवला, आज झोपताना आठवला.

खोटं सांगायचं नाही, हे मी ठरवलंय. पण आयुष्य कुठे थांबवायचं हे सांगणाऱ्याच्या हातात असतं. पाचव्या वर्षी मेरीची गोष्ट त्या दोरीपाशी थांबू शकते. दरड, दारिद्र्य, लंडनच्या भूगर्भशास्त्रज्ञांच्या सोसायटीनं बायकांना सभासद करून न घेणं, हे सगळं पुढच्या वर्षांसाठी शिल्लक राहू दे की.

दुसरी चूक जास्त टोचली. एकदा उत्साहाच्या भरात मी म्हटलं, "मुलीसुद्धा शास्त्रज्ञ होऊ शकतात बरं का!" त्यावर एक मुलगा खरोखरीच्या कुतूहलानं म्हणाला, "कोण म्हणालं होऊ शकत नाहीत?" कोणीच म्हणालं नव्हतं. त्या खोलीत ती बातमी आणणारी पहिली मीच.

डेव्हिड चेंबर्स यांचा १९८३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला माहीत होता. ४,८०७ मुलांना शास्त्रज्ञाचं चित्र काढायला सांगितलं, त्यांत स्त्री काढली फक्त २८ जणांनी, त्या सगळ्या मुली. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं होतं की पांढरा कोट, चष्मा, दाढी हा ठरीव साचा अगदी लहान मुलांच्या चित्रांत क्वचितच असतो, इयत्ता वाढते तसा तो घट्ट होत जातो. म्हणजे माझ्यासमोरच्या मुलांपाशी मोडायला साचा नव्हताच. 'सुद्धा' म्हणून मीच तो ओतायला निघाले होते.

तो शब्द मी टाकला. 'महिला शास्त्रज्ञ'ही टाकलं. मराठीत त्याची गरजच नाही, ही भाषेची केवढी मोठी सोय आहे. शास्त्रज्ञ आली, शास्त्रज्ञ आला. नाम तेच, काम क्रियापद करतं. शास्त्रज्ञानं काय केलं? ती रात्रभर दुर्बिणीशी बसली. बस. दोन-तीन महिन्यांनी धाकट्यानं विचारलं, "मावशी, शास्त्रज्ञ झोपते कधी?" मी उत्तर द्यायचं सोडून त्याच्या त्या 'झोपते'कडे बघत राहिले.

अन्यायाचं काय करायचं, हा प्रश्न उरलाच होता. तो टाळता येत नाही. पण मी आधी सांगायचं थांबवलं.

जोसेलिन बेलच्या दिवशी आम्ही टाळ्या वाजवल्या. फोनवर ताल देणारं ॲप मिनिटाला ४५ ठोक्यांवर लावलं आणि दिवे मालवले. ठोका, टाळी, ठोका, टाळी. १९६७ साली केंब्रिजला शिकत असलेल्या जोसेलिनला आकाशातून याच तालात खुणा येत होत्या, दर १.३३ सेकंदाला एक. तिची रेडिओ दुर्बीण रोज तीसेक मीटर कागदावर रेघोट्या काढायची आणि ती सगळ्या डोळ्यांखालून घालायची. त्या ढिगात इवलीशी खरवड दिसली. दुसरा कोणी असता तर बिघाड समजून सोडून देता. तिनं ती सोडली नाही. आधी गमतीनं त्याला 'छोटी हिरवी माणसं', म्हणजे परग्रहावरची माणसं, असं नाव दिलं होतं. हिरव्या माणसांवर अर्थातच पंधरा मिनिटं गेली. निघाला तो गरगर फिरणारा, मेलेल्या ताऱ्याचा गाभा. पल्सार.

"मग तिला चांदणी मिळाली?" धाकट्याची भाषा.

"त्या शोधाबद्दल १९७४ साली नोबेल दिलं. तिच्या सरांना."

"आणि तिला?"

"तिला नाही."

या वेळी 'का' माझ्याकडे आला नाही. तो त्यांच्यातच फिरला. सरांना चुकून दिलं असेल. तिनं नाव लिहिलं नसेल. शेवटी आठ वर्षांची म्हणाली, "चीटिंग आहे." जोसेलिनबाई स्वतः याबद्दल कुरकुरत बसल्या नाहीत, २०१८ साली त्यांना ३० लाख डॉलरचं बक्षीस मिळालं आणि ते सगळं त्यांनी भौतिकशास्त्र शिकू पाहणाऱ्या, ज्यांना सहसा संधी मिळत नाही अशा मुलामुलींच्या शिष्यवृत्त्यांना दिलं, असं मी सांगितलं. तरी "चीटिंग आहे" हे मत बदललं नाही. मीही बदलायला गेले नाही.

कमला सोहोनींची गोष्ट याहून अवघड गेली. कमला भागवत, दुर्गाबाईंची धाकटी बहीण, १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेली आणि बाई म्हणून तिला नकार मिळाला. नकार देणारे सी. व्ही. रामन. "मग ती घरी गेली?" नाही गेली, अडून बसली. शेवटी एक वर्ष बघू, असं म्हणून घेतलं. पुढे केंब्रिजला तिनं बटाट्यावर काम करता करता वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी हे श्वसनाला लागणारं प्रथिन असतं हे दाखवलं आणि तिचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. चाळीस पानं कोणाला रुचली नाहीत, बटाटा मात्र सगळ्यांना.

रामन हे नाव आठ वर्षांच्या मुलीला शाळेतून माहीत होतं. तिचा चेहरा पडला. "ते तर हुशार होते ना?"

"होते. फार."

"मग असं कसं म्हणाले?"

एका गोष्टीत फार हुशार असलेला माणूस दुसऱ्या गोष्टीत चुकतो, मी म्हटलं. आणि पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत ॲना मणी नावाची शास्त्रज्ञ हिरे-माणकांवर प्रकाश टाकून काम करत होती, हेही सांगितलं. तिला ते पुरतं पचलं नाही हे दिसत होतं. मलाही पुरतं पचलेलं नाही.

ॲना मणींचं नाव निघालंच तर आठव्या वाढदिवसाची गोष्ट आली. घरच्यांनी हिऱ्याच्या कुड्या देऊ केल्या, तिनं एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका मागितला. मोठ्या माणसांना ही गोष्ट सांगताना फार गोड वाटतं, कारण त्यात दागिन्यांपेक्षा पुस्तक मोठं ठरतं. माझी भाची म्हणाली, "दोन्ही मागायचं ना!" बरोबर आहे. कानात कुड्या घालून ज्ञानकोश वाचायला कोणी बंदी केली आहे? तेव्हापासून ही गोष्ट मी जपून सांगते. पुढे ऊन आणि वारा मोजणारी उपकरणं देशातच बनवणाऱ्या बाईला केवळ 'नटणं सोडलेली मुलगी' करून टाकणं हाही एक अन्यायच.

सध्या आमच्याकडे मारिया मेरियन चालू आहे. तेराव्या वर्षी रेशमाचे किडे पाळणारी, १६९९ साली बावन्नाव्या वर्षी धाकट्या लेकीला घेऊन जहाजानं दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेलेली. किडे चिखलातून आपोआप उपजतात असं पुष्कळांना वाटायचं तेव्हा ती अंडं, अळी, कोष, फुलपाखरू आणि अळी खाते ते झाड, सगळं एकाच पानावर रंगवत होती. कुंडीतल्या लिंबाच्या रोपावर आम्हांला अळी मिळाली. आधी पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी दिसायची, कात टाकत टाकत एक दिवस हिरवीगार झाली. मुलं दर शनिवारी तिचं चित्र काढतात, कुरतडलेल्या पानासकट. पान किती खाल्लं यावरून भांडतात.

मग कोष झाला. परवा त्याची साल गडद झाली, आत पंखांची नक्षी दिसायला लागली. मी बहिणीला फोन केला. गुरुवारी सकाळी शाळेआधी दोघं पाठीवर दप्तर घेऊन आली, दहा मिनिटं डोळे वटारून बसली. काही हललं नाही. शाळेची वेळ झाली, माझीही कामाची. संध्याकाळी येऊन बघतो तर साल रिकामी आणि फुलपाखरू जाळीला लटकलेलं.

"आमच्यासमोर का नाही आलं?" धाकट्याला रडू फुटायच्या बेतात होतं. भाचीनं पेन्सिल घेतली, चित्राखाली लिहिलं: गुरुवार. आम्ही नसताना.

तो थोडा वेळ रिकाम्या कोषाकडे बघत राहिला. मग बोट पुढे करून, पण न टेकवता, त्यानं विचारलं, "मावशी, याला हात लावला तर चालतं?"

"चालतं," मी म्हटलं.